विकणाराच पासिंग करणार म्हणे!

प्रिय आबा,
जय भीम.

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. पण विचारू कुणाला? शोरूमच्या साहेबांनी मला नोकरी देऊ केली आहे. सोमवारी हो की नाही ते सांगायचंय.

नवीन कायदा आणणार आहेत म्हणे. गाडी विकली की तिच्या पासिंगची, नोंदणीची, सगळी कागदं शोरूमवालाच कॉम्प्युटरवरून भरणार. ऑनलाइन! मग गाडी आरटीओच्या मैदानात न्यायला नको, आणि मैदानाबाहेरच्या झाडाखालचं आपलं एजंटाचं टेबलही नको. अजून ठरलेलं काही नाही, पण सगळ्या एजंटांची तोंडं आत्ताच उतरली आहेत. लोकांचे हेलपाटे वाचतील, असं पेपरात लिहिलंय. वाचतीलही! शाहूवाडीहून येऊन एका सहीसाठी हात हलवत परत गेलेली माणसं मी आपल्याच टेबलापाशी बघितली आहेत. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, की जुनंच बरं होतं?

तरीपण मनात पाल चुकचुकते. गाडी विकणारा तोच आणि गाडी बरोबर आहे म्हणणारा पण तोच? मग मध्ये बघणारं कोण?

ही खोड तुम्हीच लावलीत. दूधवाल्याचं माप तुम्ही घरात परत ओतून बघायचात. आई वैतागायची, "कुणावर तरी इस्वास ठेवा की!" तुमचं उत्तर ठरलेलं, "ठेवतो की, बघून ठेवतो."

गाडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, आणि तो कागद अर्जाला चिकटवायचा. बाकीचे एजंट शोरूममधून आलेला तयार कागद गुपचूप चिकटवायचे. तुम्ही मात्र स्वतः गाडीखाली वाकायचात, आणि इस्त्रीच्या कपड्यातल्या मालकालाही वाकवायचात. "गाडी तुमची हाय न्हवं पावणं? मग तुमीच वाचा." किती जणांच्या शिव्या खाल्ल्यात त्यापायी!

तो पाडवा आठवतो? गारगोटीच्या आणि नेसरीच्या दोन कुटुंबांनी एकाच रंगाचे टेम्पो घेतले होते. शोरूमच्या दारात ही गर्दी! नारळ, हार, चाकाखाली लिंबू. त्या गडबडीत टेम्पोंची अदलाबदल झाली, दोन्ही घरांनी एकमेकांचे टेम्पो ओवाळले आणि वाजतगाजत घरी नेले. पासिंगला आले तेव्हा तुमच्या पेन्सिलीखाली बिलाशी न जुळणारा भलताच नंबर उमटला. आता टेम्पो बदलून घ्या म्हटलं, तर गारगोटीच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या! "ओवाळल्याली गाडी परत देत न्हाय आमी. लेकीनं कुंकू लावलंय तिला." नेसरीकर पण तसेच हटून बसले. आपल्या घरात ना पूजा ना लिंबू, मला हसू आवरेना. तुम्ही हसला नाहीत. "ऱ्हाऊ द्या गाड्या हाईत तिथं. कागदं बदलूया," म्हणालात, आणि शोरूमला जाऊन दोन्ही बिलं नव्यानं करून घेतलीत. तिथला मॅनेजर खेकसला, "एवढं कोण बघतंय ओ?"

"ॲक्सिडेंट झाला की समदी बघत्यात," एवढंच बोललात.

परवा त्याच शोरूममध्ये गेले होते. आता साहेब नवीन आहेत. गार हवा, फिरती खुर्ची, कॉम्प्युटर. मला म्हणाले, "ताई, काम काय अवघड न्हाय. गाड्या यार्डात उतरल्या की सगळ्यांच्या चासी नंबराचे प्रिंट एकदम काढून ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की लावून टाकायचे."

"आणि कुणाच्या हातात कुठली गाडी गेली, ते?"

"कॉम्प्युटरला कळतंय की!"

कॉम्प्युटर काय गाडीखाली वाकणार आहे?

मी उठलेच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "तुमच्या वडलांनीच सांगितलंय हो. आजारी असताना आलते. टेबलाचं काय खरं न्हाय, पोरीला आत घ्या म्हणाले."

आबा! तुम्ही? सख्ख्या भावापुढं कधी शब्द टाकला नाहीत, आणि या परक्या माणसाच्या दारात गेलात? मला वाटलं, चक्क थाप. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. मी खोदून खोदून विचारलं, कशानं आले, बरोबर कोण होतं. म्हणाले, "एकटेच हुते. रिक्षानं आलते. जिन्यात बसले हुते बराच वेळ, दम लागला म्हणून." आजारी माणसाबद्दल हे कुणीही सांगेल! घरी येऊन आईला विचारलं. तिला एवढंच आठवतं, की एकदा डॉक्टरकडं जातो म्हणून तुम्ही एकटेच बाहेर पडला होता.

गेला होता तर मला का नाही सांगितलंत? टेबल बंद पडणार हे ओळखूनही मला "चालतंय की" म्हणत राहिलात? फार राग येतो, आबा. आणि गेला नसाल, तर हा माणूस तुमचं नाव घेऊन मला आत ओढतोय, बाहेरून बघणारं कुणी उरू नये म्हणून. कुठलं खरं? सांगा की!

तुम्ही सांगणार नाही. म्हणून माझं मीच ठरवलंय. सोमवारी मी हो म्हणणार. पण यार्डात काढलेला प्रिंट माझ्या हातून अर्जाला लागणार नाही. गिऱ्हाईक गाडीजवळ उभं राहिलं की ओढणी खोचून त्याच्यादेखत वाकेन, त्यालाही वाकवेन. साहेब नको म्हणाले, तर त्याच दिवशी खुर्ची सोडेन. हा माझा शब्द.

आणि तुम्ही त्या जिन्यात दम खात बसला होता, माझ्यासाठी, हे मी खरं धरलंय. पुरावा काही नाही. तरी धरलंय.

तुमची,
सुली