उघडा राहिलेला नळ

शुक्रवार, संध्याकाळ. अंबाजोगाई.

महिन्यापूर्वी एका सकाळी नारायणगडाला दर्शनाला निघालो, तेव्हा घरचा नळ उघडाच राहिला. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं; आवाजाने जाग यावी म्हणून रात्री कोरडा नळ उघडा सोडून झोपायची आमची सवय. गडावर डोळे मिटून बसलो, तर कुठेतरी पाणी वाहतंय असं सारखं वाटत होतं. देवाची कृपा समजलो मी ती.

परतलो तर खालचे गादीवाले गफूरभाई आमच्या नळाच्या पाण्याने खाली भिजलेला कापूस गच्चीवर पसरत होते. उन्हात तो कापूस इतका पांढरा, की क्षणभर पाहतच राहिलो. मग लाज वाटली. लग्नासाठी सांगितलेल्या गाद्यांचा कापूस होता तो.

"कावून तोंड पाडता भाऊ? तुमी गडावर गेलते, अन् देव हिकडं आलता," म्हणून हसले. भरपाई घेतली नाही. लग्नाचं गिऱ्हाईक मात्र गेलं.

भाड्याच्या घराला विमा कशाला, असं मी घरी येणाऱ्या विमावाल्या बाईंना नेहमी म्हणत आलो. हे घडल्यावर त्या म्हणाल्या, "काका, घर मालकाचं हाय, पण नळ तुमच्याच हातात ना? तुमच्या चुकीनं शेजाऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरून देते. झालेल्याचं न्हाई, पुढचं."

विमा काढणं म्हणजे देवावर अविश्वास का? महिनाभर हेच डोक्यात. पण तो कापूस डोळ्यांपुढून हलेना. माझा देवावर भरवसा आहे. गफूरभाईंनी माझ्यावर कशाच्या जोरावर ठेवायचा?

आज विम्याच्या कागदांवर सही करून आलो. घरी नळ सवयीने उघडाच होता, कोरडा. आधी तो बंद केला, मग देवापुढे दिवा लावला.