ऊन पाहण्याचा कार्यक्रम

रायस्वाइक, नेदरलँड्स,
१४ नोव्हेंबर २०२१

प्रिय नीलमताई,

सविनय जयभीम. तुझा गुडघा वळत असेल, शाळा पुन्हा भरू लागल्यामुळे आवाज बसला असेल आणि तरीही तू ओरडत असशील, असं धरून चालते. मी बरी आहे. (हे पत्राच्या शेवटपर्यंत टिकेल असं सांगत नाही.) फोन हाताशी असताना हे कागद कशाला, असं तू म्हणशील. पण मे महिन्यात आबा गेल्यापासून आपला फोन चार मिनिटांचा झालाय. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, दुसरी लस झाली का, बरं ठेवते. पत्रात निदान तुला मध्येच ठेवता येणार नाही.

विषय हिवाळ्याचा आहे. मागच्या हिवाळ्यात साडेचारला अंधार पडला की मी दिवा न लावता तशीच बसून राहायचे, आणि लोकेशला वाटायचं मी विजेची बचत करतेय. यंदा तसं बसायला माझ्याकडे कारणही आहे, म्हणून त्याने मला आधीच डॉक्टरकडे नेलं. इथले डॉक्टर कशालाही पॅरासिटॅमॉल देतात. आमच्या बाईंनी ते दिलं नाही, तेव्हाच मी घाबरले. त्या म्हणाल्या, रोज चाला, माणसांशी बोला, आणि जमलं तर दोन-तीन महिने उन्हात जाऊन राहा. चालणं मी मान्य केलं, बोलण्याचं ऐकलं नाही असं दाखवलं, आणि ऊन लोकेशने अंगावर घेतलं. इथले म्हातारे डच लोक थंडीत कॅम्पर गाडी, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन स्पेन-पोर्तुगालला जातात आणि एखाद्या कॅम्पिंगच्या मैदानात मार्चपर्यंत मुक्काम ठोकतात. आपणही तसंच करू, म्हणाला. ऑफिस घरूनच चालतं, आणि घर नक्की कुठे आहे हे त्याला अजून कोणी विचारलेलं नाही. महिनाअखेर जागा पक्की करायची आहे.

तुला लोकेश माहीत आहे. शर्मिलाचं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमवताना त्याने स्थळांचा एक तक्ता केला होता. तोच उघडला, 'पगार' खोडून 'ऊन' लिहिलं, 'शिक्षण' खोडून 'इंटरनेट' लिहिलं, आणि 'स्वभाव' हा रकाना तसाच ठेवला. (मैदानाचा स्वभाव काय असतो, असं मी विचारलं. 'शेजारीपाजारी,' म्हणाला.) मग आमच्या घरी रोज संध्याकाळी ऊन पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या जागी ऊन भरपूर, पण इंटरनेट फक्त धुण्याच्या यंत्राजवळ येतं. दुसरीकडे समोर समुद्र, पण थंडीत पंचावन्नच्या खालच्यांना घेत नाहीत. लोकेश दुखावला. मी म्हटलं, माझे केस बघून घेतील, फोटो पाठव. तिसरीकडे डच पाव, डच डॉक्टर, डच पत्त्यांचा क्लब, म्हणजे सगळं इथलंच, फक्त उकडतं. लायडनहून लेकीचं मत मागवलं, तर मेधाने नेहमीप्रमाणे मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर दिलं, 'आई, यू विल बी द यंगेस्ट बाय ट्वेंटी इयर्स.' मला तर तेच आवडलं.

मग लोकेशने आपल्या पद्धतीने चौकशी केली. आयंटहोवनच्या त्याच्या मित्राच्या, श्रीनिवासच्या, ऑफिसातल्या कुणाची तरी सासू तक्त्यातल्या सात नंबरच्या मैदानात बारा वर्षं जातेय, हे शोधून काढून त्या अनोळखी बाईंना थेट फोन लावला आणि विचारलं, माणसं कशी आहेत? त्या म्हणाल्या, 'कंटाळवाणी. पण लवकर झोपतात.' त्याने स्वभावाला दहापैकी आठ दिले.

सराव म्हणून ऑक्टोबरात आम्ही भाड्याचा कॅम्पर घेऊन लायडनजवळ दोन रात्री राहिलो. चाकांखाली पाचरी सारून गाडी सपाट करण्यात लोकेशची चाळीस मिनिटं गेली. मी वरणाला फोडणी दिली आणि धुराचा भोंगा असा वाजला की तिन्ही बाजूंचे शेजारी चपला घालून आले. (एकाने जाताना वरणही नेलं.) पण खरी परीक्षा सकाळी होती. कॅम्परमधल्या संडासाची एक पेटी असते, ती आपणच ओढून काढून मैदानाच्या टोकाला रिकामी करायची. आम्ही दोघांनी त्या पेटीकडे पाहिलं आणि चहा केला. तो संपल्यावर आणखी एकदा केला. तेवढ्यात शेजारचे खेरित नावाचे गृहस्थ आले. वय सत्तर, निवृत्त न्यायाधीश, इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःची पेटी. 'पहिलीच वेळ का? चला, दाखवतो.' आणि माझा नवरा आपली पेटी घेऊन त्यांच्या मागून निघाला. वाटेत भेटेल त्याला दोघंही गुड मॉर्निंग म्हणत होते. समोरूनही पेट्या घेतलेलेच लोक येत होते.

ताई, मी खिडकीत उभी राहून एकटीच हसत होते. आजोबांना गावासाठी काय काय उचलावं लागलं, ते आबा दर चौदा एप्रिलला जेवणाआधी सांगायचे आणि आपल्याला भूक लागलेली असायची. त्यांनी हे बघायला हवं होतं. न्यायाधीश साहेब आपलं आपण उचलून नेतायत, आणि जावयाला रीतसर शिकवतायत. आबांनी ते विहारात महिनाभर सांगितलं असतं. मी फोन उचलला, त्यात त्यांचं नावही शोधलं, आणि मग आठवलं.

त्यांच्यानंतर ह्यावर नीट हसेल असं माणूस तू एकटीच. पण ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं तरी लागतात.

असो. सात नंबरला एक्क्याऐंशी गुण पडलेत, सर्वांत जास्त. जयप्रकाश भाऊजींना जयभीम सांग.

तुझी,
हर्षा

ता. क. मे महिन्यात तू म्हणालीस, 'येऊ नकोस, येऊन काय करणार आहेस.' इकडे परतायची विमानं बंद होती, हे खरं. पण तुझं म्हणणं मी फारच पटकन ऐकलं, हेही खरं. एरवी कधी ऐकते मी तुझं?

ता. क. दुसरा. तक्त्यात लोकेशच्या नकळत मी आठवी ओळ घातलीय. तुझी गच्ची, अकोला. ऊन दहापैकी दहा. इंटरनेट वरच्या मजल्यावरच्यांचं. वयाची अट नाही. लोकेशला कळलं, तेव्हा पेटी उचलावी लागत नाही म्हणून त्याने पाच गुण कापले. आता शिकलोय तर, म्हणतो.

ता. क. शेवटचा. आठव्या ओळीत 'स्वभाव' रिकामा आहे. मेनंतर तो कसा आहे, मला माहीत नाही, आणि एक रकाना रिकामा असला की बेरीज होत नाही. तेवढं कळव. फोनवर सांगितलंस तरी चालेल, चार मिनिटं पुरतील.