डोक्यावरची रेघ

गुरुजी, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायला बसले तर माझं स्वतःचं वय बाहेर येईल, म्हणून ते राहू दे. आज लिहायला बसले त्याला कारण माझा उजवा खांदा. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, कुठे धडपडलीस. कुठेही नाही. डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर माझी शाळा आहे, तिसरीचा वर्ग आहे आणि एवढी वर्षं फळ्यावर लिहिते आहे, एवढाच माझा पराक्रम. दिवाळीनंतर वेणी घालताना कळ यायला लागली, मग फडताळावरचा डबा काढताना, मग पदर मागे टाकताना. आमच्या ह्यांनी पोळ्याला बैलाच्या खांद्याला चोळतात तसं हळद-तेल चोळून दिलं. त्याने पदराला डाग पडले, खांदा होता तिथेच राहिला. मी कुणाला काही सांगितलं नाही, तुमच्यासारखीच मुकाट्याने शिकवत राहिले. फक्त फळ्यावर थोडं खालून लिहायला लागले.

आणि मग एक दिवस वह्या तपासायला घेतल्या, तर वर्गातल्या सगळ्या पोरांची अक्षरं बोडकी. एकाही शब्दाच्या डोक्यावर रेघ नाही. मी चांगलीच तापले, रेघ कुठे गेली म्हणून एकेकाला उभं केलं. मागच्या रांगेत बसणारी एक मुलगी आहे, कधी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमी पन नाय काढत. आनि खाली लिवता ते मला दिसत नाय." मी वळून फळा पाहिला. खरंच नव्हती. अक्षरं कोपर अंगाशी धरून कशीतरी लिहिता येत होती, पण रेघ ओढायला हात उंच धरून आडवा न्यावा लागतो, आणि नेमकी तिथेच कळ येते. माझ्या नकळत मी रेघ सोडून दिली होती, आणि पोरांनी बाईंचं बघून तीच सोडली.

तेव्हा तुम्हीच आठवलात, दुसरं कोण. मुरबाडकडची आपली ती शाळा, शेणाने सारवलेली जमीन, ओळीने घातलेली बस्करं. तुम्ही खडू घेऊन उभे आहात आणि म्हणता आहात की मागच्या पोराला पुढच्यांच्या डोक्यांवरून फळ्याचा वरचा वीतभर भागच दिसतो, म्हणून कामाचं तिथेच लिहायचं. आणि डोक्यावर रेघ नसेल तर ते अक्षर मला ओळखता येत नाही, असं म्हणून तुम्ही पानभर मजकुराला लाल शाईने शून्य द्यायचात. अख्खं शून्य, दहापैकी. त्या शून्याची एक भानगड सांगायची आहे, ती शेवटी सांगते, आधी खांदा.

शहापूरला एक फिजिओथेरपिस्ट आहे, शेणवे गावची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. तिने माझा हात धरून हळूहळू बाजूने वर नेला, अर्ध्यावर मी ओरडले, तर म्हणाली, सापडलं. खांद्याच्या वरच्या हाडाखाली थोडीशी जागा असते, त्यातून स्नायूचा दोर जातो, हात वर नेला की तो त्या फटीत चिमटतो, असं तिने समजावलं. दार नीट लागत नसलं की आपण ढकलत बसतो तसं मी इतके महिने ढकलत होते. सध्या खांद्याच्या वर हात न्यायचा नाही आणि त्या कुशीवर झोपायचं नाही, अशी तंबी मिळाली. मग तिने विचारलं, दहापैकी किती?

आता मला दहापैकी म्हटलं की एकच कळतं. या हाताची आजची कामगिरी बघता मी तुमच्या हिशोबाने कडक गुण दिले, दोन. ती जरा चक्रावली, तोंड एवढं वाकडं करून दोनच? मला वाटलं, जास्तच दिले की काय. मग रोजचे व्यायाम सुरू झाले. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात लोंबता सोडून विहिरीवरच्या पोहऱ्यासारखा हलवायचा. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढायचा. पाठीची दोन्ही पाती मागे जवळ आणायची. दुखणं थोडं बसल्यावर मग बोटांनी भिंत चढायची, जिथपर्यंत जाईल तिथे पेन्सिलीची खूण करायची. घरात भिंतभर खुणा झाल्या. आमचे हे म्हणतात, पालीने शाळा काढली आहे. चौथ्या आठवड्यात तिने परत विचारलं, आणि मी आनंदाने सांगितलं, सहा. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, कल्याणला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते, फोटो काढू. मी म्हटलं, अगं, सुधारलंय तर चांगलं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बाई, हे मार्क नायत. दुखतं किती ते सांगायचं. आपल्याला शून्य पायजे, शून्य."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला शून्य मिळवायला सांगत होतं. एसटीत बसून मी घरापर्यंत हसत आले, आणि घर जवळ आलं तसं हसू मावळलं, कारण ते जुनं शून्य आठवलं.

काल तिने परवानगी दिली, बेताने वर ने म्हणाली. आज सकाळी मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहायला घेतलं. अक्षरं झाली, मग खडू आडवा धरला आणि डावीकडून उजवीकडे अख्ख्या ओळीवर रेघ ओढली, न थांबता. मागून त्या मुलीने पूर्ण ओळ मोठ्याने वाचली, न सांगता. मला इतका आनंद झाला की वर्गाकडे वळायलाच वेळ लागला. संध्याकाळी शहापूरला गेले, तिने विचारलं दहापैकी किती, मी प्रामाणिकपणे म्हटलं, एक. ती म्हणाली, तो एक पण काढू.

गुरुजी, माझ्याकडे असाच आणखी एक 'एक' आहे. माझ्या वहीत तुम्ही शून्य दिलं होतं, दहापैकी. आईच्या करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवून झाडूच्या काडीने मी त्या शून्याच्या आधी एकचा आकडा काढला, आणि बाबांना दाखवला. बाबा हरखले. दुसऱ्या दिवशी परसातल्या काकड्या घेऊन वहीसकट शाळेत आले. "गुरुजी, पोरीला धापैकी धा दिलं तुमी." तुम्ही वही हातात घेतलीत, त्या आकड्यावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "दिले. पोरीत आहे तेवढं." मग माझ्याकडे न बघता सांगितलंत की उद्यापासून फळ्यावरची सगळ्यात वरची ओळ स्टुलावर चढून हिने लिहायची, रेघेसकट. वर्षभर मी लिहिली. तो माझा मान होता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, माझ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा.

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. काकड्यांची पिशवी घेताना तुम्ही तो अंगठा धोतराला पुसलात, गुरुजी. तो लाल झालेला मी तेव्हाच पाहिला होता.