होडीच्या ट्रेलरचा अंतिम निर्णय

३ नोव्हेंबर, सायं. ५.४०
होडी आली. फायबरची, बारा फुटी. शुभांगीच्या बचत गटाची. तिच्या माहेरी, उजनीच्या बॅकवॉटरला, पुण्याची माणसं फ्लेमिंगो बघायला येतात, त्यांना फिरवायला. पहिली पार्टी २६ जानेवारीला. होडी तिथवर पोचवायची जबाबदारी मी मागून घेतली. बायकोच्या गटात एक तरी टेक्निकल माणूस हवा.
टेम्पोवाला कल्याण म्हणाला, भाऊसाहेब, मी तसाच पुढं तिकडंच चाललोय, पाण्यावर सोडू का? मी हसलो. होडीला ट्रेलर लागतो. मिरजगावात हे माहीत असणारा मी एकटाच. अंगणात उतरवून घेतली. शुभांगी वल्ही उचलून आत गेली. पटलं असावं.

४ नोव्हेंबर, पहाटे
प्रश्न एकच. अ‍ॅल्युमिनियम की गॅल्व्हनाइज्ड? मोटार रिवायंडिंगचं दुकान आठ दिवस बंद. कॉलेजची पायरी चढलो नाही, पण मोटार भरायला जसा आपला आपण शिकलो तसंच हेही. उद्यापर्यंत निर्णय.

१२ नोव्हेंबर
अ‍ॅल्युमिनियम. हलकं, गंजत नाही. विषय संपला.

१३ नोव्हेंबर
संपला नव्हता. फॅब्रिकेशनवाला पुंजाराम म्हणाला, अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग आपल्याकडं न्हाई व्हत, मोडलं तर नगरला न्यावं लागंल. त्याला सांगितलं, माझ्या डिझाइनमध्ये मोडत नाही. तरी घरी येऊन विचार केला.
गॅल्व्हनाइज्ड. जड, पण दणकट. वरचं जस्त झिजतं आणि आतलं लोखंड वाचवतं. घरातल्या कर्त्या माणसासारखं.

२९ नोव्हेंबर
प्रयोग सुरू. दोन्हींची एकेक पट्टी मिठाच्या पाण्यात, लोणच्याच्या बरणीत. (शुभांगीला विचारायचं राहिलं.)
मेव्हणा सहादेव फोनवर म्हणाला, दाजी, हितलं पाणी गोडं हाय, समुद्र न्हाई. दूरदृष्टी नाही. उद्या गटाने कोकणात शाखा काढली तर? वर म्हणतो, होडी एकदा पाण्यात सोडली की तिथंच राहती बाभळीला बांधून, ती घरी कशाला आणायची? असल्या प्रश्नांना यापुढे उत्तर द्यायचं नाही.

७ डिसेंबर
बरणी शुभांगीला सापडली. पट्ट्या उकिरड्यावर. जेवण उशिरा, लोणच्याशिवाय.
निष्कर्ष: दोन्ही धातू उत्तम.

२० डिसेंबर
अंतिम. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, मडगार्ड अ‍ॅल्युमिनियमचे. दोन धातू चिकटले आणि ओल आली की एक दुसऱ्याला खातो, म्हणून मधे सायकलच्या ट्यूबचा रबर. हे माझं स्वतःचं. वृषालीला ड्रॉइंग दाखवलं. म्हणाली, पप्पा, होडीत कोंबडीनं अंडी घातलीत. पोरीचं लक्ष कशातच नसतं.

९ जानेवारी
भोक बारा मिलिमीटरचं सांगितलं होतं, पुंजारामने साडेबाराचं पाडलं. परत करायला लावलं. म्हणाला, भाऊसाहेब, होडीच ठिवायची हाय ना? रॉकेट न्हाई ना? मी मोजपट्टी पुढे केली. अपमान गिळणं हाही इंजिनिअरिंगचा भाग आहे.
शुभांगी म्हणाली, गटातल्या बायका रोज विचारतात. तिला सांगितलं, २४ ला ट्रेलर, २५ ला होडी पाण्यात. लिहून घे म्हटलं.

२४ जानेवारी
ट्रेलर दारात. काय दिसतोय! आळीतली माणसं बघायला जमली. पुंजाराम हात पुसत म्हणाला, झालं काम. आता वढणार कशानं?
मी स्कूटीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच स्कूटीकडे पाहिलं.
सहादेवला फोन. म्हणालो, ट्रॅक्टर पाठव. म्हणाला, दाजी, उसाचा हंगाम हाय, टॅक्टर कारखान्याच्या रांगेत हुबा हाय, परवा बी सुटंल का न्हाई. आणखी तिघांना फोन केले. तिघांचेही रांगेतच. लोकांनी गाळपाचं नियोजन माझ्या वेळापत्रकाशी जुळवायला हवं होतं.

२५ जानेवारी, सकाळ
शुभांगीने मला न विचारता कल्याणला बोलावलं. माझा चहा संपायच्या आत होडी टेम्पोत. शुभांगी पुढे बसली, मांडीवर वल्ही. कल्याण म्हणाला, भाऊसाहेब, पुढं जागा न्हाई, मागं होडीत बसता का?
नवा ट्रेलर एकटा सोडून जाणं बरं दिसलं नसतं.

२६ जानेवारी
वृषालीच्या मोबाईलवर फोटो आला. होडीत पुण्याची माणसं, मागे फ्लेमिंगो, आणि वल्हं मारतेय शुभांगी. तिला हे येतं, हे लग्नाला वीस वर्षं होऊनही मला कुणी सांगितलेलं नाही. वृषाली म्हणाली, आईनं शंभरदा सांगितलंय.
होडीला एकही ओरखडा नाही. अंगणात पावणेतीन महिने नीट ठेवल्याचा परिणाम.

६ मार्च
होडी तिकडेच, बाभळीला बांधलेली. शुभांगी शनिवार-रविवार तिकडे. ट्रेलर अंगणात, त्यावर साडी अंथरून कुरडया. कोंबड्यांची चोच पोचत नाही. म्हणजे उंची मी बरोबर धरली होती.
दुपारी शेजारच्या राहीबाई आल्या. ट्रेलरभोवती फिरल्या, हात लावून पाहिला. म्हणाल्या, भाऊ, लई झ्याक केलंय, आमाला बी वाळवणाला असंच एक करून द्या की.
शेवटी कुणाला तरी कळलं. मी लगेच वही उघडली. विचारलं, अ‍ॅल्युमिनियम की गॅल्व्हनाइज्ड?
त्या म्हणाल्या, कशाचं बी चालंल. फकस्त चाकं नको.