गरम बॉनेट

४ मार्च, मंगळवार

"काकू, क्लच आता विसरा." — म्हणे! गुडघ्याचे व्यायाम शिकवणारी ती पोरगी. जरा वाकवला, जरा दाबला आणि दिला निकाल. अख्खी नोकरी शाळेची बस चालवली मी याच डाव्या पायाने. त्या बसचा क्लच दाबायचा म्हणजे भरलेलं पिंप पायाने ढकलायचं. ही पाळण्यात होती तेव्हापासून ढकलतेय. आणि मला सांगते, विसरा.

निवृत्त झाल्यावर झोपायची सोय असलेली एखादी जुनी गाडी घ्यायची आणि दोघांनी निघायचं, हे आमचं कधीपासून ठरलेलं. मुक्काम कुठे, ते वाटेत बघू. ह्यांना गाडी येत नाही. शिकलेच नाहीत कधी — "तू आहेस ना" म्हणायचं आणि शेजारच्या सीटवर मांडीत थर्मास धरून बसायचं. म्हणजे मी चालवली नाही तर जाणं नाही. एवढं सरळ आहे. त्या पोरीला त्याचं काय!

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर हे माझ्या पायाकडेच बघत चालले. घरी आल्यावर विचारलं, "फार दुखतो का गं?" म्हटलं, मुळीच नाही.

जिना उतरताना दुखतो. इथे लिहायला काय हरकत आहे.

८ मार्च, शनिवार

लेकीने फोनवर जीव खाल्ला. "आई, ऑटोमॅटिक घे. क्लचची भानगडच नको." म्हणून गेलो जुन्या गाड्यांच्या त्या मोठ्या दुकानात. विक्रेता टाय लावून. मला म्हणतो, "मॅडम, तुम्ही आतले पडदे बघा, ओटा बघा." आणि ह्यांना, "सर, तुम्हाला इंजिन दाखवतो." सरांना! सरांना इंजिन आणि गिझर शेजारी ठेवले तर कशाने अंघोळ करायची ते विचारावं लागेल. आणि हे मान डोलावतात. खाली वाकून बघतातसुद्धा.

पडदे गेले खड्ड्यात. बॉनेट मीच उघडलं. गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी काढून हुंगली — काळं ऑइल, जळका वास. चालवायला घेतली तर गिअर बदलताना गाडीला उचकी. या वयाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एकदा बसला की दुरुस्तीत गाडी विकायची वेळ येते. शिवाय ओढणारी चाकं पुढची, आणि पलंग, पाण्याची टाकी, ओटा, सगळं वजन मागे. ओल्या चढावर चाकं जागच्या जागी फिरत बसणार आणि आम्ही आत चहा करत बसणार.

टायवाला म्हणाला, "मॅडम, सगळ्याच अशा असतात." सगळ्या नसतात. आले निघून.

९ मार्च, रविवार

आजची गाडी बघून मन निवलं. लाँड्रीच्या बाजूच्या गल्लीत उभी असते. मालक निवृत्त फोटोग्राफर — एवढ्या उन्हातही गळ्यात मफलर, त्यामुळे मनातल्या मनात नावही तेच ठेवलं. गाडी साधी. जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन, उगाच नखरे नाहीत. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे — पट्टा कधी तुटेल म्हणून धास्ती नको. जोर मागच्या चाकांना. ऑइलचं झाकण काढून आत बोट फिरवलं, पांढरी साय धरलेली नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरत नाही. गिअर हाताचे. क्लच जड आहे. चालेल.

एकच गोष्ट खटकली. बॉनेटवर तळवा ठेवला तर गरम. "आत्ताच धुवून आणली, ताई." असेल. पण तापलेलं इंजिन पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं, शहाण्यासारखंच वागतं. गार इंजिन सुरू करून धूर कसला येतो, खडखड किती वेळ टिकते, ते बघितल्याशिवाय मी गाडी घेत नसते. मफलरला बजावलं — पुढच्या खेपेला इंजिन गार पाहिजे. "हो हो, ताई."

मी गाडीखाली डोकावत होते तेव्हा हे बाजूला त्याच्याशी काहीतरी बोलत होते. पडद्यांबद्दल असेल.

१४ मार्च, शुक्रवार

ह्यांनी सकाळी फिरायला जाणं सुरू केलंय. डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले, तेव्हा नाही! आता न उठवता जातात. घामाघूम होऊन येतात.

२३ मार्च, रविवार

पुन्हा गरम! आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. "हो हो, ताई." आज बॉनेट असं की पोळी भाजावी. मफलर म्हणे, "जरा कामाला काढली होती." कसलं काम, रविवारी सकाळी?

त्यातून आत बसले तर क्लच जळल्याचा वास. मागच्या वेळी नव्हता. हा माणूस फोटोच काढत होता ना? का गाड्या मोडत होता? चांगल्या गाडीची अशी दुर्दशा करणाऱ्याला फटकावलं पाहिजे.

आणि कळस म्हणजे — मी ड्रायव्हरच्या सीटवर, पाय क्लचवर, आणि हा खिडकीतून माझ्या पलीकडे बघून ह्यांना विचारतो, "काय साहेब, क्लच कसा वाटतो?" साहेबांना! आणि साहेब म्हणतात, "जड आहे. पण होईल सवय." पाय माझा, सवय ह्यांना! तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे काही बोलले नाही. घरी येईपर्यंत बोलत होते.

२७ मार्च, गुरुवार

जेवताना टेबलाखाली ह्यांचा डावा पाय सारखा खालीवर. डाळीची वाटी डुचमळतेय. म्हटलं, काय शिवणयंत्र चालवताय का? "पाय अवघडला होता." दोन घास झाले की पुन्हा सुरू. घरात गुडघा एकाचा गेलाय आणि नाटकं दुसऱ्याची.

३० मार्च, रविवार

संपलं. नको ती गाडी.

बॉनेट गरमच. वर मागच्या बंपरवर नवा ओरखडा, खांबाला घासल्यासारखा. मी हात लावून दाखवला. "हा कुठून आला?" मफलरने ह्यांच्याकडे बघितलं. हे समोरच्या इमारतीचे मजले मोजत होते.

मग मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा इंजिन तापवून ठेवलंत. गार सुरू केलं की निळा धूर ओकत असेल, ऑइल पीत असेल, म्हणूनच ना? मी काल लायसन घेतलेलं नाही. मफलर गळ्यातली गाठ सोडत-बांधत राहिला. चोर सापडल्यावर आणखी काय करणार.

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "ही गाडी सोडू नकोस." का? "मला वाटतं." काय वाटतं? कशावरून वाटतं? "चांगली आहे गं ती. माझ्यावर विश्वास ठेव एवढा." इंजिनाच्या बाबतीत ह्यांच्यावर विश्वास! मी त्या लबाडाबद्दल बोलतेय आणि घरचं माणूस त्याची बाजू घेतंय. त्यानंतर बोलले नाही. अजून बोलत नाहीये.

१ एप्रिल, मंगळवार

गुडघा सुजलाय. बाजारातून येताना जिन्यात मध्येच बसावं लागलं. खालच्या मजल्यावरची बाई पिशवी घेऊन वर आली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं लिहू? भीती वाटते. इंजिन गार असताना सुरू झालं, अगदी गोड सुरू झालं, तरी त्या क्लचवर मी दिवसभर टिकेन का? ऑटोमॅटिक भंगार मिळतं आणि चांगली गाडी पायाला झेपत नाही. मग काय, जन्मभर बोललो ते नुसतं बोलणंच? राग आला की हा प्रश्न जरा लांब जातो. म्हणून मफलरवर चिडते. बरं पडतं.

४ एप्रिल, शुक्रवार

मफलरचा निरोप — दुसरं गिऱ्हाईक आलंय, ताईंनी काय ते सांगावं. हे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी भाजी चिरत राहिले.

पण मनात ठरवलंय. उद्या हे फिरायला गेले की मीही निघणार. फोन नाही, निरोप नाही. तो मफलर गुंडाळायच्या आत बॉनेटवर हात ठेवते की नाही बघ! गार इंजिन एकदा ऐकलं की निकाल काय तो लागेल.

५ एप्रिल, शनिवार

गाडी जागेवर नव्हती. लाँड्रीच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने कोपऱ्यावरून आली — गचके खात, पुढे शिकाऊचा फलक लावलेली. शेजारच्या सीटवर मफलर. स्टिअरिंगवर हे. जीभ दातांत धरलेली. वळणावर बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद.

मी उठून लाँड्रीत शिरले आणि लोकांच्या चादरींमागे उभी राहून रडले.

क्लच अर्धवट दाबून गिअर टाकतात. वाट लावतील गाडीची. त्या मफलरला शिकवता येत नाही. उद्यापासून शेजारी मी बसणार. थर्मास मी धरेन.