न घेतलेल्या वस्तूंचं घर

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट बघून डोळे शिणले, म्हणून मीच लिहायला बसले. फोनवर तू 'बरं, बरं' म्हणून दोन मिनिटांत बोळवण करतेस. मागचं पत्र आलं ते चार ओळींचं, आणि अक्षर एवढं मोठं की पोस्टमनने रस्त्याच्या पलीकडूनच वाचलं असेल. तिकडे शाई फुकट वाटतात का?

बातमी अशी की मिशीवाले दुकान बंद करतायत. आपले जुन्या वस्तूंचे मिशीवाले. मुलाला त्या जागेत मोबाइलचं दुकान काढायचंय. काल कामावरून येताना पाहिलं, तर आपलं ते उंच घड्याळ फुटपाथवर उभं आणि त्याच्या पोटात कुणीतरी ओली छत्री ठेवलेली. मला कसंतरीच झालं. आपण ते जिन्याच्या वळणावर ठेवलं होतं ना!

परवा कामावरच्या शिकाऊ मुलींना मी आपल्या त्या घराबद्दल सांगितलं तर त्या हसून लोटपोट. त्यांना खरंच वाटेना की दोन शहाण्या बायका इतकी वर्षं एक न बांधलेलं घर सजवत होत्या. मी म्हटलं, लॉन्ड्रीच्या वरच्या भाड्याच्या खोलीत राहून बघा, म्हणजे कळेल. एक खाट, एक स्टूल, खालून कपड्यांची वाफ. रविवारी बाहेर नाही पडलो तर आपणच इस्त्री होऊन निघालो असतो. आणि बाहेर पडून करणार काय, तर बघणार. तूच नियम केलेस. वस्तू दोघींना पसंत पडली पाहिजे. भाव शेवटपर्यंत करायचा, अगदी दुकानदार रडकुंडीला येईपर्यंत. मग आम्ही विचार करून येतो असं म्हणून बाहेर पडायचं आणि ती वस्तू घरात कुठे ठेवायची ते चालता चालता ठरवायचं. विकत मात्र काही घ्यायचं नाही.

बारा जणांचं जेवणाचं टेबल पसंत केलंस तेव्हा मी विचारलं होतं की जेवायला येणार कोण. तू म्हणालीस की टेबल आलं की माणसं येतात. आणि चित्रांच्या दालनातलं ते निळ्या शेताचं चित्र! तुला ते दिवाणखान्यात हवं होतं, मला मुळीच नको होतं, आणि दालनाची बाई आपल्याकडे बघत होती. बाजारात तुरी असतानाची ती मारामारी. दोन रविवार तू माझ्याशी बोलली नाहीस.

कोटाच्या दुकानातला तीन बाजूंचा आरसा अजून तिथेच आहे. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मी लोकांच्या बाह्या आखूड करते, पण समोरून जाताना अजून त्यात तुझा तो हिरवा कोट शोधते. काय दिसायचीस!

लग्नानंतरही तू दर वर्षी एक दिवस यायचीस. गेली दोन वर्षं नाही आलीस. मिशीवाल्यांनी तुझी चौकशी केली, मी तुझ्या गुडघ्यांवर ढकललं. या महिनाअखेर दुकान मोकळं होणार. एकदा ये. शेवटचा भाव करू.

थोरल्याला व सुनेला आशीर्वाद. लोभ आहेच, तो दोन मिनिटांत आटपू नये.
तुझी,
टाचणी

१२ जानेवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मी उगाच नाही ठेवलं. टोचलंस ते बरोबर जागी टोचलंस. गुडघे ठणठणीत आहेत. त्यांच्यावर उगाच आळ घेऊ नकोस.

माझे डोळे गेलेत. पूर्ण नाही, पण वाचन बंद, शिवण बंद, रस्ता ओलांडायचा तर कुणाचा तरी हात. हे पत्र मी फळ्यावर लिहावं तशा अक्षरांत, जाड पेनाने लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या तर त्यांना उतरवून घे. तुला सांगितलं नाही, कारण तू रडत धावत आली असतीस आणि मला तुझं नाक पुसत बसावं लागलं असतं.

दुसरं म्हणजे घर विकायचं ठरलंय. हे गेल्यापासून एकटीला झेपत नाही, ते मलाही कळतं. पोरांनी सामानाची वाटणी केली. थोरल्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या, धाकटीच्या गुलाबी. कपाटावर, पलंगावर, यांच्या टेबलावरसुद्धा. मला रंग नीट दिसत नाहीत, पण हात फिरवला की चिठ्ठी लागते. भांडण झालं नाही, पोरं गुणी आहेत. पण संध्याकाळी चिठ्ठी लावलेल्या खुर्चीत बसावं की नाही असं होतं.

थोरल्याने माझ्यासाठी वयस्कर माणसांच्या निवासात खोली बघितलीय. नर्स आहे, बाग आहे, त्याच्या घरापासून जवळ आहे. त्यांच्याकडे दोघं दिवसभर कामावर, त्यामुळे त्याचंही चूक नाही. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय.

तेव्हा बाजारात येऊन मी काय करू गं? आपला सगळा संसार डोळ्यांवर चालला होता. तू एकटी जा, सगळं बघ आणि मला लिही. आपलं ते घर मात्र सांभाळ. कुणाला चिठ्ठी लावता येणार नाही असं तेवढं एकच उरलंय.

प्रकृतीला जप. माया आहे ती आहेच.
तुझी,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रडले. नाक माझं मीच पुसलं. आता ऐक.

रविवारी गेले होते. दुकान निम्मं रिकामं. भिंतींवर आरशांच्या जागी नुसते फिकट चौकोन. टेबल एका हॉटेलवाल्याने नेलं, म्हणजे बारा माणसं एकदाची येतील. कोपऱ्यात तो कोच होता. दोन माणसांचा, पाठीला कोरीव वेल, गडद मखमल. आठवतो ना? वरच्या मजल्यावर खिडकीशी ठेवला होता आपण. त्याच्यावरून आपलं कधी भांडण झालं नाही. एवढी एकच वस्तू अशी.

ताई, मी तो घेतला.

मिशीवाल्यांना म्हटलं, हा मला द्या. ते हसले, त्यांना वाटलं खेळ सुरू झाला. मी पाकीट काढलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. म्हणाले, असं नाही चालायचं, आधी भाव करा. मग त्यांच्या समाधानासाठी मी भाव केला, तर ते प्रत्येक आकड्याला हो म्हणत गेले. शेवटी मलाच वर चढावं लागलं.

आमच्या जिन्यात घोडं अडलं. हमालांनी पाय काढले, कठड्याला दोर बांधला, खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी उगाच सूचना दिल्या. आता कोच माझ्या खोलीत आहे, म्हणजे खोलीच कोचात आहे. मशीनकडे जायचं तर आडवं होऊन जावं लागतं. पण मखमलीवर हात फिरव, एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने खरखरीत. यात डोळ्यांचं काही काम नाही.

तर त्या निवासाला नाही म्हण आणि माझ्याकडे राहायला ये. मी पुढच्या वर्षी काम सोडतेच आहे, तोवर काम घरी आणायची परवानगी मालकिणीने दिलीय. लवकर कळव.

कळावे, लोभासकट यावे.
तुझी,
टाचणी

२४ जानेवारी

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं. तिला वाटलं मी खूश होईन.

मला न विचारता घेतलास. इतक्या वर्षांत मी एक कपसुद्धा घेतला नाही. मोह होत नव्हता असं वाटतं तुला? वस्तू घेतली की तिला धूळ बसते, पाय मोडतो, आणि एक दिवस पोरं तिच्यावर चिठ्ठ्या चिकटवतात. आपल्या घरातलं काही जुनं होत नव्हतं ते आपण काही घेतलं नाही म्हणून. तू खिडकीशी असलेला कोच काढून तुझ्या खोलीत कोंबलास. आता तिथे काय राहिलं? त्या दुकानासारखे फिकट चौकोन.

आणि आंधळ्या बहिणीला मखमलीचं आमिष दाखवू नकोस. लहान मुलाला खुळखुळा दाखवतात तसं वाटलं मला. परत देऊन टाक. मी थोरल्याला होकार कळवतेय.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

आज तुझ्या पाया पडायला मन होत नाही, तेव्हा साष्टांग गाळलाय.

कोच तुझ्यासाठी घेतला असं तुला वाटलं. मी तो माझ्यासाठी घेतला. सगळं स्पष्टच सांगते.

तो खेळ तुझ्यासाठी खेळ होता. लग्नानंतर दिवसभर बघून झालं की तू रात्रीच्या गाडीने परत जायचीस, तुझं कपाट, तुझा पलंग, तुझी माणसं होती तिथे. मी वर येऊन कुलूप काढायची आणि स्टुलावर बसायची. तुझं ते दुसरं घर होतं, ताई. माझं तेवढंच होतं. दुकानदाराला विचार करून येतो म्हणताना तू मला चिमटा काढायचीस आणि हसायचीस. मीही हसायची. पण मला दर वेळी वाटायचं की खरंच येऊ. कधीतरी पैसे साठवू आणि खरंच येऊ.

तू लग्न ठरल्याचं सांगितलंस तेव्हा मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण त्या रात्री मला पहिला प्रश्न पडला की आता आपल्या घराचं काय. वेडीच मी. कुणाला सांगणार होते?

धूळ बसू दे. मी रोज पुसेन. पाय मोडला तर सुतार आहे. माझ्या पश्चात चिठ्ठी लावायला मला कुणी नाही, त्यामुळे तीही काळजी नाही. आयुष्यभर ज्या बाईबरोबर घर मांडलं तिला मी बोलावतेय, आंधळ्या बहिणीला नाही. तुला निवासात जायचं असेल तर जा. मी दर रविवारी भेटायला येईन आणि तोंड फुगवून बसेन. पण मी आमिष दाखवलं असं पुन्हा म्हणू नकोस.

कोच परत देणार नाही.
तुझी,
टाचणी

३१ जानेवारी

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीने अर्धं वाचलं आणि कागद माझ्या हातात देऊन डोळे पुसत घरी गेली. मग थोरला कामावरून परस्पर माझ्याकडे आला, त्याने पूर्ण केलं.

मला हे कधी कळलंच नाही गं. मला वाटायचं तू माझ्याहून जास्त हसतेस म्हणजे तुला जास्त मजा येते. एवढी वर्षं शेजारून चालत होते आणि तेव्हा तर मला लख्ख दिसत होतं.

होकाराचं मी नुसतंच रागाने लिहिलं होतं, कळवला नव्हता. काल थोरल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने जिन्याचं काढलं, तुझ्या वयाचं काढलं, रात्री काही झालं तर काय ते काढलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, बाबा, घरातल्या एका वस्तूवर चिठ्ठी लावायची राहिलीय, ती म्हणजे मी. तिच्यावर माझ्या बहिणीचं नाव लिही. तो हसला, मग रडला, आणि रविवारी मला स्वतः गाडीने सोडायला तयार झाला. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेणार आहे. मास्तरांच्या सूचना त्याला ऐकू दे.

माझं सामान दोन पेट्या. जागेची काळजी करू नकोस, मीही आडवी चालायला शिकेन. भांडणं होतील. निळं शेत मला अजून हवंय.

एक सांगायचं राहिलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की माझं मधलं गेलंय, कडा शाबूत आहेत. थोरला समोर बसून बोलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं असतं. पण सून शेजारी येऊन टेकली तर तिच्या कानातलं हलताना दिसतं. समोरचं माणूस दिसत नाही, शेजारचं दिसतं. म्हणून कोचासमोर खुर्ची वगैरे मांडू नकोस. तू माझ्या शेजारीच बसत जा. मी सरळ भिंतीकडे तोंड करून बसेन आणि तुला वाटेल, ताईचं लक्ष नाही. तेव्हा मी तुलाच बघत असेन.

लोभ भरपूर आहे, जागा तेवढी करून ठेव.
तुझी,
ताई