गरम पाणी : आहे

प्रति,
मा. सहायक अभियंता (निवासस्थाने),
केळणाकाठ कर्मचारी वसाहत कार्यालय,
भोकरदन, जि. जालना.

विषय : निवासस्थान क्र. ब-७ च्या ताबा पावतीतील बाब क्र. ११ दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १८/११/२०२४
२) आपले पत्र दि. ०९/१२/२०२४
३) माझा अर्ज दि. १६/१२/२०२४
४) आपले पत्र दि. ०६/०१/२०२५

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी राजानंद पुंजाराम दांडगे, आपल्याच कार्यालयात आवक-जावक लिपिक म्हणून कार्यरत आहे. संदर्भातील चारही कागद माझ्याच हातचे आहेत. दोन मी अर्जदार म्हणून लिहिले व दोन मी लिपिक म्हणून टंकलिखित करून आपल्या सहीसाठी ठेवले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यामुळे तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करावी, हे मला आजही नीट ठरवता आलेले नाही.

१. माझी आई श्रीमती बायनाबाई, वय ७९, वडील वारल्यानंतर नऊ वर्षे पिंपळगाव रेणुकाई येथे एकटी राहत होती. मी दरवर्षी बोलावत असे व ती दरवर्षी नाही म्हणत असे. मला ब-७ मंजूर झाल्यावर मी तिला सांगितले की, या घरात नळाला ऊन पाणी येते. साठ वर्षे रोज पहाटे तुराट्या पेटवून, धुराने डोळे चोळत तिने घरादाराचे पाणी तापवले आहे. तिने थोडा विचार केला व म्हणाली, "नळाला ऊन पाणी येत असंल तर येते मंग." केवळ या एका आश्वासनावर ती दि. ०५/११/२०२४ रोजी एक पेटी घेऊन भोकरदनला आली. हे आश्वासन मी ताबा पावती वाचून दिले होते.

२. प्रत्यक्ष राहण्यास गेल्यावर असे आढळले की, न्हाणीघरात लाल व निळ्या खुणेचे दोन नळ असून दोन्हींना थंड पाणी येते, व लाल खुणेचे जरा जास्तच थंड असते. तिसऱ्या दिवशी पहाटे माझी पत्नी सौ. सत्यशीला हिला संडासातून वाफ येताना दिसली. गच्चीवरील सौर बंबाची गरम पाण्याची नळी संडासाच्या फ्लशच्या टाकीला जोडलेली आहे, असा त्यातून उलगडा झाला. ब-७ मध्ये कढत पाणी चोवीस तास उपलब्ध आहे, परंतु ते साखळी ओढल्यावर निघून जाते.

३. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी आणखी एक गोष्ट निघाली. न्हाणीघराबाहेर 'गिझर' असे लिहिलेले एक बटण आहे. गिझर नाही, बटण आहे. आई रोज पहाटे पाच वाजता ते आशेने दाबत असे. दहा दिवसांनी समजले की, त्या बटणाने समोरच्या ब-८ मधील उषाबाईंच्या दारावरची घंटा वाजते. त्या बिचाऱ्या रोज उठून दार उघडत व कोणी नाही म्हणून पुन्हा झोपत. खरे कळल्यावर त्या रागावल्या नाहीत. "आजी, घंटी वाजवलीच हाय तर चहा तरी घेऊन जा," असे त्या म्हणाल्या. या वसाहतीत माझ्या आईला मिळालेली गरम वस्तू ती एवढीच.

४. वसाहतीचे नळ कारागीर कचरू यांनी पाहणी करून सांगितले, "साहेब, नळी भितीत गेलीय. भित फोडल्याबिगर काम व्हत न्हाई." भिंत फोडण्यास परवानगी लागते. दोष सिद्ध झाल्यास परवानगी मिळते. ताबा पावतीत 'नाही' अशी नोंद असल्यास दोष सिद्ध होतो. ब-७ च्या ताबा पावतीत बाब क्र. ११ पुढे लिहिले आहे, 'गरम पाणी : आहे', व खाली माझी सही आहे. संदर्भ क्र. २ अन्वये माझा पहिला अर्ज याच कारणास्तव निकाली काढण्यात आला. त्या पत्रात 'आपण स्वतः लेखी मान्य केले असल्याने' हे शब्द मीच घातले होते. मूळ मसुद्यात ते नव्हते, पण त्याशिवाय पत्र लंगडे वाटत होते.

५. दुसऱ्या अर्जावर स्थळपाहणी झाली. पाहणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्यांनी फ्लशच्या टाकीचे झाकण काढून बोट बुडवले व चटकन मागे घेतले. अहवालात नोंद झाली की, निवासस्थानात गरम पाणी उपलब्ध असल्याचे आढळले. ही नोंद खोटी नाही. संदर्भ क्र. ४ चे पत्र मी त्यावरूनच तयार केले.

६. टाकीतले पाणी बादलीत काढून घ्यावे, ते स्वच्छच असते, असे मी आईला एकदा सुचवले. ते मी सुचवायला नको होते. ती म्हणाली, "राजा, आमच्या लहानपणी विहिरीला आमचा हात लागू देत नव्हते. वरून कोणी वतलं तर पाणी मिळायचं. पर त्ये विहिरीचं व्हतं, संडासातलं न्हवतं." या परिच्छेदात पुढे काय लिहावे ते मला आजही सुचत नाही.

७. त्यानंतर सत्यशीला गॅसवर पाणी तापवून न्हाणीघरापर्यंत नेऊ लागली. पाण्यात टाकायचा विजेचा रॉड वसाहतीत वापरण्यास मनाई आहे. ते परिपत्रकही मीच चिकटवले आहे. दि. २९/१२/२०२४ रोजी तिचा पाय घसरून भगुन्यातले पाणी पायावर सांडले व घोट्यापर्यंत भाजले. त्या दिवसापासून आई कोणाला न सांगता थंड पाण्याने आंघोळ करू लागली. आम्हाला ते तिच्या खोकल्यावरून कळले. दि. १२/०१/२०२५ रोजी ती पेटी घेऊन पिंपळगावला परत गेली. मी तिला बसमध्ये बसवून दिले. मी रडलो, हे या अर्जात नमूद करण्याची आवश्यकता नाही, तरी नमूद करतो.

८. आता मला एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षांपूर्वी ताबा पावतीचा नमुना संगणकात मी तयार केला. एकूण वीस बाबी आहेत. प्रत्येक वेळी हाताने लिहायचा त्रास नको म्हणून वीसच्या वीस बाबींपुढे 'आहे' हा शब्द मी कायमचा टाकून ठेवला. आजवर त्रेचाळीस कुटुंबांनी त्यावर सही केली. कोणी तक्रार घेऊन आले की मी पावती पुढे सरकवून विचारत असे, "सही कोणाची आहे?" लोक आल्या पावली परत जात. मला ते उत्तर चोख वाटत असे. त्यांच्याही घरात कोणी म्हातारे माणूस असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही.

९. काल रविवारी मी पिंपळगावला गेलो होतो. आई चुलीपुढे बसून पाणी तापवत होती व खोकत होती. शेजारच्या मालनबाई तिला विचारत होत्या की, लेकाच्या एवढ्या चांगल्या घरातून परत का आलीस. मी दाराबाहेर उभा होतो. आई म्हणाली, "पोराच्या घरी समदं हाय गं. ऊन पाणी बी हाय. मलाच करमलं न्हाई."

महोदय, चव्वेचाळिसावी सही माझ्या आईने केली. तिला लिहिता येत नाही.

१०. सबब, नळी बदलून मिळावी अशी माझी आता विनंती नाही. भिंत फोडू नये. आई पुन्हा येणार नाही. मी विचारून पाहिले आहे. माझी विनंती एवढीच की, ब-७ च्या ताबा पावतीतील बाब क्र. ११ पुढील 'आहे' हा शब्द खोडून 'नाही' असा करण्यात यावा व त्याची एक प्रत मला मिळावी. ती मी आईला वाचून दाखवीन. लेकाने फसवले नव्हते, लेकच फसला होता, एवढे तिला सरकारी कागदावरून कळावे. माझ्या तोंडी सांगण्यावर आता तिचा विश्वास बसेल असे मला वाटत नाही, आणि बसू नये.

हा अर्ज मी आजच आवक नोंदवहीत घेतला असून त्याची पोच मीच मला दिली आहे. आपला वेळ जाऊ नये म्हणून उत्तराचा मसुदाही सोबत ठेवला आहे.

आपल्याच टेबलासमोर बसणारा, आपला नम्र,

(सही)
रा. पुं. दांडगे
आवक-जावक लिपिक, निवासस्थान क्र. ब-७
दि. २०/०१/२०२५, भोकरदन

सोबत :
१) ताबा पावतीची प्रत (माझ्या सहीची).
२) स्थळपाहणी अहवालाची प्रत.
३) सौ. सत्यशीला यांच्या औषधोपचाराची चिठ्ठी.
४) प्रस्तुत अर्ज नामंजूर केल्याच्या पत्राचा मसुदा, आपल्या सहीसाठी. (मंजुरीच्या पत्राचा नमुना कार्यालयाच्या संगणकात शोधला. तो नाही.)